उंचीचे नाते आणि उताराचे नाते

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण आमच्या अंगावर येणार हे गृहीत धरूनच आम्ही हा लेख लिहीत आहोत. बीड जिल्ह्यात राहायचे, महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवायचे आणि बोलायचे मात्र नाशिकच्या द्राक्षमळ्यांविषयी, म्हटल्यावर दुसरे काय ऐकावे लागणार? म्हणून प्रारंभीच स्पष्ट करतो, की द्राक्षे गोड आहेत, ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे कसब वादातीत आहे आणि वाइन प्यावी की पिऊ नये हा आमच्या लेखाचा विषय नाही. तो वाद २०२२ च्या जानेवारीत, सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा, पुरेसा रंगला. एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे' अशी शब्दांची कसरत झाली, दुसऱ्या बाजूने संस्कृती बुडाल्याची हाकाटी झाली, आणि निर्णय अमलात न येताच धुरळा खाली बसला. त्या गदारोळात एक प्रश्न आम्हांला कोठे ऐकू आला नाही. तो आज विचारायचा आहे.

वाइन-पर्यटनाच्या क्षेत्रात अलीकडे एका कल्पनेचे मोठे आकर्षण आहे. जगातले उंचावरचे वाइन-प्रदेश परस्परांपासून हजारो मैल दूर असले, तरी उंची हेच त्यांचे गोत्र. तेव्हा त्यांनी आपसांत भागीदारी करावी, एकमेकांच्या महोत्सवांना जावे, मार्गदर्शकांचे प्रशिक्षण एकत्र करावे, एका प्रदेशात आलेल्या प्रवाशाला दुसऱ्या प्रदेशाची ओढ लावावी, अशी ही कल्पना. अर्जेंटिनातील मेंडोझा आणि साल्टा, बोलिव्हियातील तारिहा, चीनमधील युनान ही नावे या संदर्भात येतात. कल्पनेला शास्त्राचा आधार आहे. उंचावर दिवसाचे ऊन प्रखर असते आणि रात्री गार असतात. उन्हाने द्राक्षाची साल जाड होते, गारव्याने आम्लता टिकते, आणि या दोहोंमुळे वाइनला आगळी चव येते. साल्टा प्रांतात तर तीन हजार मीटरच्याही वर द्राक्षवेली आहेत. दूरदूरच्या प्रदेशांनी हात मिळवण्याचा प्रघातही नवा नाही. बोर्दो, पोर्तो, मेंडोझा आदी नगरांना जोडणारे 'ग्रेट वाइन कॅपिटल्स' हे जाळे १९९९ पासून आहे. मग 'भारताची वाइन राजधानी' म्हणून मिरवणाऱ्या नाशिकने, दख्खनच्या पठाराच्या नावाने, या उंच मंडळींत का बसू नये, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. तीन हजार मीटरवाल्यांच्या पंक्तीत त्याला टाचा उंचावूनच उभे राहावे लागेल. पण आमची हरकत या अंकगणिताला नाही. आमची हरकत नाते निवडण्याच्या रीतीला आहे. उंचीचे नाते हे निवडलेले नाते असते. उताराचे नाते कोणी निवडत नाही; ते पाण्याबरोबर आपोआप येते. आणि जो निवडलेल्या सोयऱ्यासाठी अंगणात मांडव घालतो, त्याने घरातल्या भावाचा हिशेब चुकता केला आहे ना, हे विचारण्याचा अधिकार भावाला असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांची अभ्याससहल कुसुमाग्रजांच्या गावी नेली होती. परतण्यापूर्वी गाडी गंगापूर धरणाच्या अंगाने गेली. जलाशयाच्या काठावर द्राक्षमळे, त्यांत पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या बैठका, हातांत प्याले घेऊन सूर्यास्त पाहणारी माणसे. गेवराई तालुक्यातली एक विद्यार्थिनी बराच वेळ खिडकीतून पाहत होती. मग तिने विचारले, "सर, हेच पाणी सोडतेत का जायकवाडीला?" आम्ही हो म्हटले. ती म्हणाली, "म्हंजी इथं बघत बसायचं पाणी न् आमच्याकडं वाट बघायचं पाणी एकच की." गाडीत कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, कारण एवढ्या नेमक्या वाक्याला जोडण्याजोगे आमच्याजवळ काही नव्हते.

जे वाचक या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे अवश्य आहे. गंगापूर धरण गोदावरीवर, उगमापासून जवळच आहे. हीच गोदावरी पुढे पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात साठते. त्याचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा आमच्या गेवराई-माजलगावच्या बाजूस येतो. वरच्या धरणांनी पाणी अडवले आणि पाऊसही रुसला, की खालचा सागर नावापुरता उरतो. यावर उपाय म्हणून राज्याने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी असे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे कोष्टक मांडले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडावे, असा निकष त्यातून रुजला. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी, २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी आणि २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दर वेळी वरच्या बाजूस आंदोलने झाली, दर वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि पाणी निघाले तरी वाटेतल्या कोरड्या पात्राने आपला वाटा आधी घेतला. ६५ टक्क्यांची मर्यादा आणखी खाली आणावी, अशी शिफारसही आता पुढे आली आहे.

आमचा दावा न्याय्य ठरायचा असेल, तर आमच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही आम्हीच सांगितल्या पाहिजेत. २०२३ च्या आदेशात गंगापूर समूहाचा वाटा अवघा अर्धा टीएमसी होता. मोठा भार दारणा, मुळा आणि प्रवरा या धरणांवर होता. ठिबकवर वाढणारे वाइनचे द्राक्ष उसाच्या मानाने फार कमी पाणी पिते, हेही खरे. आणि ऊस लावण्यात आमचा मराठवाडा कोणाच्या मागे नाही. टँकरच्या रांगा आणि उसाचे फड एकाच तालुक्यात सुखाने नांदताना आम्ही पाहतो. जायकवाडीच्या पाण्यावरच आमच्या विभागाच्या राजधानीभोवतीचे बिअरचे कारखाने चालतात. २०१६ च्या दुष्काळात मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी साठ टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला होता. तेव्हा नाशिकच्या वाइनने बीडचे पाणी पळवले, असे सवंग विधान आम्ही करणार नाही. ते खोटे ठरेल आणि खोट्याने आमचीच बाजू दुबळी होईल.

आमचे म्हणणे वेगळे आहे. वाइन-पर्यटन इतर उद्योगांप्रमाणे केवळ वस्तू विकत नाही. ते भूमीची कथा विकते. साखर कारखाना पोत्यावर सूर्यास्त छापत नाही. वाइनची बाटली मात्र सांगते, की या चवीत येथली माती, येथले पाणी, येथली हवा आणि येथली माणसे आहेत. फ्रेंचांनी यासाठी 'तेरुआ' असा शब्द घडवला आहे आणि साऱ्या व्यवसायाचा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे. जो भूमीची कथा विकतो, त्याने ती पूर्ण सांगावी, एवढी मागणी साहित्याच्या शिक्षकांनी करायची नाही तर कोणी करायची? आम्ही वर्गात हेच शिकवतो, की निवेदकाने काय सांगितले याइतकेच त्याने काय गाळले हे पाहा.

काय गाळले आहे, हे एका शब्दात पाहता येते. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास भौगोलिक मानांकन आहे. यातला 'व्हॅली' हा शब्द कोठून आला हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको. कॅलिफोर्नियातील नापा व्हॅलीची पडछाया त्यावर स्पष्ट आहे. मराठीत त्याला खोरे म्हणतात. पण 'व्हॅली' म्हटले की डोळ्यांपुढे निसर्गचित्र येते, आणि 'खोरे' म्हटले की नकाशा येतो. चित्राला चौकट असते; ते जिल्ह्याच्या हद्दीवर संपवता येते. खोऱ्याला अशी चौकट नसते. गोदावरीचे खोरे नाशिक, नगर, पैठण, गेवराई, गंगाखेड, नांदेड करीत थेट राजमहेंद्रीपर्यंत जाते. 'नाशिक व्हॅली' असे म्हणता येते. 'नाशिक खोरे' मात्र जिभेवर बसत नाही, कारण खोरे शहराचे नसते, नदीचे असते. मराठीने नकार दिलेली गोष्ट इंग्रजीतून सहज खपून गेली, एवढाच त्याचा अर्थ.

'तेरुआ'साठी मराठीत शब्द नाही, असा खेद कधी ऐकू येतो. शब्द नसेल, दृष्टी मात्र आहे. आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग: पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. काळीचा विचार पांढरीशिवाय होत नसे. 'तेरुआ'च्या व्यापारी अवतारात काळी तेवढी राहिली आणि पांढरी वगळली गेली. मातीचा सामू, उताराची दिशा, रात्रीचे तापमान यांची चर्चा होते. छाटणीला सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून येणाऱ्या मजुरांची चर्चा त्या पत्रिकेत नसते. मराठी शेतकऱ्याला वेलीची भाषा नाही असेही नाही. खरड छाटणी, फळछाटणी, ओलांडा, काडी, डोळा, विरळणी हे शब्द रोज बागेत राबतात. चव घेण्याच्या खोलीत मात्र त्यांना प्रवेश नसतो. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी वाइनसाठी रूढ केलेला 'द्राक्षारस' हा देखणा शब्दसुद्धा व्यवसायाने दाराबाहेर ठेवला.

आणि आम्हां गोदाकाठच्या लोकांजवळ तर प्रदेशवाचक शब्दही आहे: गंगाथडी. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगा म्हणतो, गेवराईचाही म्हणतो. या गंगेच्या काठाने मराठी वाङ्मय वाहत खाली आले आहे. सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी निगडित 'गाथासप्तशती'त गोदातट आहे. निवृत्तिनाथांची समाधी उगमाशी त्र्यंबकेश्वरी, पूर्वजांचे आपेगाव पैठणजवळ काठावर, एकनाथ पैठणला, जनाबाई गंगाखेडच्या. जांबेत जन्मलेले रामदास उलट दिशेने, गोदेच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या टाकळीस तपाला गेले. आमच्या जिल्ह्यातील राक्षसभुवन, जेथे १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तेही याच काठावर. आमचे वाङ्मयीन नाते पहिल्यापासून उताराचे आहे. ते कोणाला जोडावे लागले नाही. आता मात्र विसरावे लागते आहे, कारण नवे नाते उंचीवरून जुळवायचे ठरले आहे.

आता माणसांकडे येऊ. वाइन-पर्यटनाचा भर हिवाळ्यात, दिवाळीपासून मार्चपर्यंत. द्राक्षाची तोडणीही याच काळात येते. नेमक्या याच महिन्यांत आमच्या जिल्ह्यातून दुसरा प्रवास सुरू असतो. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाशेजारी कोपी घालतात, आणि गावी म्हातारीकोतारी नि शाळा सुटलेली पोरे राहतात. नवराबायकोच्या या जोडीला हिशेबात 'कोयता' म्हणतात. माणसे दोन, मोजणी अवजाराची. अर्जेंटिनात हंगामाबरोबर फिरणाऱ्या शेतमजुरांना 'गोलोंद्रिना' म्हणजे पाकोळ्या म्हणतात. मेंडोझाची द्राक्षतोडणी अशाच, बोलिव्हियातून आणि उत्तरेकडील प्रांतांतून येणाऱ्या मजुरांनी पेललेली आहे. तेथे माणसाचा पक्षी झाला, येथे कोयता झाला. दोन दूरस्थ प्रदेशांत साम्य शोधायचेच असेल, तर समुद्रसपाटीच्या आकड्यांपेक्षा हे साम्य अधिक खरे आहे. पण या साम्यावर भागीदारीचा करार होत नाही.

साहित्याच्या वर्गात आम्ही भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा शिकवतो. भाव पडलेल्या बाजारात टोमॅटोला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि बाप स्वतःच पिकवलेला माल पायांखाली तुडवतो. मुलगा ते पाहतो. द्राक्षमहोत्सवात हौशी पाहुणे पैसे भरून टबात उतरतात आणि पायांनी द्राक्षे तुडवतात, तेव्हा ही कथा आठवल्यावाचून राहत नाही. कोणाच्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. पण तुडवण्याची ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. नाशिकच्या शेतकऱ्याला पहिले दृश्य परके नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर अनेकांनी उमेदीने वाइनच्या वाणांची लागवड केली. २००८-०९ च्या मंदीत मागणी आटली, माल पडून राहिला, पैसे थकले आणि पुष्कळांनी जोपासलेल्या बागा कुऱ्हाड घालून काढल्या. तो लाल चिखल कोणत्याही पर्यटनपत्रिकेत नाही.

मग दूरच्यांशी नाते जोडूच नये काय? जोडावे, जरूर जोडावे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. भागीदारीत वाण बदलत नाही, गुण लागतो. प्रश्न एवढाच, की कोणता गुण घ्यायचा. मेंडोझाचेच उदाहरण घेऊ. मेंडोझा मुळात वाळवंट आहे. अँडीजच्या बर्फाचे पाणी 'असेकिया' नावाच्या पाटांनी फिरवून तेथे शेती आणि शहर उभे राहिले. या पाटांची परंपरा स्पॅनिश लोक येण्याआधीच्या मूळ रहिवाशांपासूनची आहे. १८८४ साली मेंडोझाने पाण्याचा सर्वसाधारण कायदा केला. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधला, आणि पाटांचे व्यवस्थापन पाणी वापरणाऱ्यांनी निवडून दिलेल्या निरीक्षकांच्या हाती दिले. २०१९ च्या डिसेंबरात खाणींवरील पाणीविषयक निर्बंध सैल करणारा कायदा प्रांताच्या विधिमंडळाने मंजूर केला, तेव्हा माणसे रस्त्यावर उतरली. मेंडोझाचे पाणी सौद्याची वस्तू नाही, ही त्यांची घोषणा होती. द्राक्षोत्सवासाठी निवडल्या जाणाऱ्या तरुणीही त्या आंदोलनात होत्या. दहा-बारा दिवसांतच नवा कायदा मागे घ्यावा लागला. पर्वतापलीकडच्या चिलीने १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून बाजारात आणला होता. पुढे गावेच्या गावे टँकरवर आली, आणि २०२२ मध्ये माणसांच्या पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देणारी दुरुस्ती करावी लागली. एकाच पर्वताच्या दोन उतारांवर वाइनही दोन आहेत आणि पाण्याची नीतीही दोन. तेव्हा मेंडोझाहून जे आणायचे ते मांडणी आणि महोत्सव एवढेच का? पाटाच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यालाही मत असते, ही रीत का नाही?

म्हणून आमचे सांगणे असे. उंच प्रदेशांची मैत्री व्हावी. पण त्या मैत्रीच्या पहिल्या पानावर प्रत्येक प्रदेशाने आपले पाणी कोठून येते आणि पुढे कोणाकडे जाते हे लिहावे. गंगापूरच्या काठी बसलेल्या प्रवाशाला मार्गदर्शकाने चवीचे बारकावे सांगताना हेही सांगावे, की हे पाणी येथे संपत नाही. जो मार्ग प्रवाशाला नाशिकहून विमानाने मेंडोझाला नेऊ पाहतो, त्याची एक शाखा त्र्यंबकेश्वर, पैठण, राक्षसभुवन, गंगाखेड अशी नदीच्या उताराने खाली यावी. आमच्याकडे द्राक्षमळ्यांची शोभा नाही. बालाघाटाच्या खडकाळ माळावर वरच्या पावसावर येणारे सीताफळ आहे. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्यासाठी कोणी बैठका मांडलेल्या नाहीत. पाहुण्याला आम्ही ते देऊ, आणि कोरडा कालवाही दाखवू. पर्यटन म्हणजे पाहणे असेल, तर तेही पाहण्याजोगे आहे.

हे होत नाही तोवर 'भूमीची चव' हा शब्दप्रयोग आम्ही अपुऱ्या निवेदनाचे उदाहरण म्हणून वर्गात शिकवीत राहू. त्या विद्यार्थिनीने ते आमच्याआधी ओळखले होते. तिने 'व्हॅली' म्हटले नाही, 'तेरुआ' म्हटले नाही. बघत बसणे आणि वाट बघणे या आपल्याच भाषेतल्या दोन क्रियापदांवर तिने सारे खोरे तोलून दाखवले. कोल्ह्याची गोष्ट सांगणाऱ्यांना आमचे एवढेच उत्तर आहे, की द्राक्षे आंबट असल्याची आमची तक्रार कधीच नव्हती. आम्ही वेलीच्या मुळाशी जाणाऱ्या पाण्याविषयी विचारत आहोत.